बुबुळातली बाई

पंप म्हणायचं ते आपलं जुन्या सवयीनं. जिंतूर रस्त्याला नागठाणा फाट्यावर पेट्रोलची यंत्रं उखडून चार्जिंगचे खांब उभे केले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी पंपच राहिला, आणि शिवकन्या गिराम ही पंपावरची बाई. गाडी आली की पुढं व्हायचं, वायर लावायची, किती टक्के करू ते विचारायचं आणि विचारताना समोरच्याच्या डोळ्यात बघून हसायचं. आता हे हसणं काही तिचं स्वतःचं नव्हतं. नोकरीला लागताना ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं होतं. माहेरी तर तिला घुमी म्हणायचे.

वायर लागली की गाडीवाला अर्धा-पाऊण तास मोकळा. मोकळा माणूस काय करणार, मोबाईल काढणार. एक पत्र्याचं शेड, शेडमध्ये बाकडी, समोर खांब आणि खांबांमधून फिरणारी शिवकन्या. माणसं मोबाईलमध्ये बघत, मधेच मान वर करून तिच्याकडं बघत, पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालत. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. समोरून म्हैस गेली तरी माणूस मान वर करतोच.

घरी नवरा माणिक, विजेवरचा टेम्पो चालवणारा, आणि धाकटी बहीण नंदा. आई-बाप लागोपाठ गेले तेव्हा नंदा शाळेत होती. शिवकन्यानं तिला सासरी स्वतःजवळ ठेवून घेतलं, शिकवलं, आरोग्यसेविका केलं. आता नंदा स्कूटर काढून वाड्या-तांड्यांवर एकटी जायची, दारं वाजवायची, गरोदर बायांना तपासायची. ती स्कूटरवर बसून निघाली की शिवकन्या उंबऱ्यात उभी राहून बघायची. पोरीला कुणाचा धक्का लागू नये, बाकी मला काही नको, असं ती म्हणायची, आणि खरंच तिला बाकी काही नको होतं.

पहिल्यांदा खटकलं ते दुधाच्या टँकरवाल्या भगवानमुळं. एरवी मान खाली घालून वायर लावून घेणारा माणूस. त्या दिवशी म्हणाला, "काय मग, आज दार उघडणार का?"

"कुठलं दार?" शिवकन्यानं विचारलं. तिला वाटलं, मागच्या बाथरूमला कुलूप राहिलं.

भगवाननं क्लीनरकडं बघून डोळा मारला. "घ्या. हिलाच माहीत नाही."

मग हे रोजचंच झालं. कुणी दाराचं विचारी, कुणी नुसतंच खोकी, कुणी वायर घेताना बोटं जास्त वेळ ठेवी. शिवकन्या एकेकाला झापायची, पण झापून झाल्यावर तिलाच कळेना की आपण नक्की कशाबद्दल बोललो. शेवटी सांगितलं ते उखळे मास्तरांनी. रिटायर झालेले, सज्जन, नंदाला दहावीला शिकवलेले. चार दिवस त्यांनी तिच्याकडं न बघता वायर लावून घेतली, आणि पाचव्या दिवशी खिडकीची काच खाली करून म्हणाले, "बाई, असलं काही करायची पाळी आली होती तर आधी मला सांगायचं होतं. काहीतरी मार्ग काढला असता."

"असलं म्हणजे कसलं, सर?"

मास्तरांनी मोबाईल पुढं केला. जाहिरात होती. संध्याकाळचा उजेड, अर्धवट लोटलेलं दार, दारात पाठमोरी उभी बाई, केस सोडलेले, पाठ उघडी. बाई वळली. "घरात कुणी नाही," ती म्हणाली. "दार नुसतं लोटलंय. येतोस ना?" आणि हसली. खाली अक्षरं आली: भाजीवाडी, आत्ताच खेळा.

बाईचं नाक जरा वेगळं होतं, रंग उजळ होता, हनुवटीवर तिला नसलेला तीळ होता. पण डोळे तिचे होते, वरचा वाकडा दात तिचा होता, आणि हसू तर ट्रेनिंगमधलंच होतं, पंपावरचं. दिवसभर उभं राहून पाय दुखत असताना ती जे हसू तोंडावर ठेवायची ते.

"ही मी नाही, सर."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"आणि हा खेळ काय आहे?"

"वांगी आहेत. तीन वांगी एका ओळीत आणली की फुटतात. मग भेंड्या येतात." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते मास्तरांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी घाईघाईनं काच वर केली.

बाईचं आमिष दाखवायचं आणि आत गेलं की वांगी फोडायला बसवायचं, हा धंदा काही नवा नाही. आपल्या बापजाद्यांच्या मोबाईलवरही असल्या जाहिराती यायच्या आणि तेही फसायचे. पण तेव्हाची बाई कुठली तरी परकी असायची. ही फाट्यावरची होती, रोज भेटणारी.

घरी गेल्यावर तिनं माणिकला सांगितलं. तो जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली.

"आठ-दहा दिवस झाले. मी वाट बघायलो होतो, तू कधी सांगतीस."

"मी काही केलंच नाही तर काय सांगू?"

"नाही केलंस, बरं. मी कुठं म्हणतोय केलंस." माणिकनं भाकरीचा तुकडा उगीच कुस्करला. "पण ती हसती तसं तू मला कधी हसलीस का घरात? तेवढं सांग."

स्वयंपाकघरातून नंदा म्हणाली, "दाजी, तुम्ही तो खेळ किती वेळा उघडला तेवढं आधी सांगा."

माणिक ताटावरून उठला आणि टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर गेला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर शिवकन्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्कार्फ बांधायला सुरुवात केली. स्कूटरवरच्या पोरी बांधतात तसा, कपाळापासून गळ्यापर्यंत, नुसते डोळे उघडे. धुळीचं कारण सांगितलं, मॅनेजरनं हरकत घेतली नाही. आपल्याकडच्या बायकांना हा एकच उपाय आधी सुचतो. उन्हाला स्कार्फ, धुळीला स्कार्फ, नजरेला स्कार्फ. पहिले काही दिवस बाकड्यांवरची माणसं हिरमुसल्यासारखी झाली. शिवकन्याला वाटलं, सुटलो आपण.

मग एक दिवस जाहिरातीतली बाई स्कार्फ बांधून आली. त्याच रंगाचा, तशाच गाठीचा. दारात उभी राहून ती म्हणाली, "ऊन लई लागायलंय. सोडू का?" आणि एकेक वेढा सोडायला लागली. शेवटचा वेढा सुटायच्या आत अक्षरं यायची: भाजीवाडी, आत्ताच खेळा.

आता बाकड्यांवरची माणसं वेगळीच वाट बघायला लागली. शिवकन्यानं पाणी प्यायला तोंडावरचा स्कार्फ खाली केला की शेडमध्ये एकदम शांतता व्हायची. सगळे मोबाईल खाली, सगळ्या माना वर. तिनं पंपावर पाणी पिणंच सोडलं. उन्हाळ्याचे दिवस, लघवीला आग व्हायला लागली, तरी ती घरी जाईपर्यंत घोटभर पाणी घेईना. नंदाच्या हे लक्षात आलं तेव्हा ती जाम चिडली. सुट्टी टाकून तिनं बहिणीला स्कूटरवर बसवलं आणि थेट परभणीला नेलं.

तिथं सायबर पोलिसांच्या कचेरीत तक्रारी बघायला अदिबा सय्यद नावाच्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जाहिरात तपासली, आणि एक सुस्कारा टाकला. "तुमचा फोटो कुणी काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "काढला असता तर मी आजच गुन्हा दाखल केला असता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जाहिरात नुसती दाखवून आता पैसे मिळत नाहीत, माणसानं ती बघितली तर मिळतात. बघितली की नाही हे कळावं म्हणून मोबाईलचा पुढचा कॅमेरा माणसाच्या डोळ्यांवर राहतो, आणि तशी परवानगी आपणच देतो, न वाचता. आवडीचं काही दिसलं की डोळ्याची बाहुली मोठी होते. ते कुणाला थोपवता येत नाही, साधूलाही नाही. इथवर सगळं जुनंच होतं. पुढं कुणाच्या तरी ध्यानात आलं की बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे एक बारीक फुगीर आरसा आहे, आणि माणूस ज्याच्याकडं बघतो त्याचं प्रतिबिंब त्यात पडतं. एका डोळ्यातून चार-दोन ठिपके मिळतात, त्यातून काही उमगत नाही. पण एकाच जागी हजारो माणसं येऊन बसली, मोबाईलवरून मान वर करून त्यांनी एकाच बाईकडं बघितलं, तर ते ठिपके एकावर एक रचून यंत्र अख्खा चेहरा उभा करतं.

"यंत्राला तुमचं नावगाव माहीत नाही," सय्यद मॅडम म्हणाल्या. "त्याला एवढंच कळतं की या रस्त्यावरच्या माणसांची बाहुली कुणाकडं बघून मोठी होते."

"म्हणजे यांनीच काढलं माझं तोंड," शिवकन्या हळू म्हणाली. "बघून बघून."

"हो. तसंच म्हणायचं."

नंदानं विचारलं, "पण मॅडम, यंत्राला कितीतरी सुंदर बाया बनवता येतात की. आमची अक्काच कशाला पाहिजे?"

त्याचंही उत्तर होतं. अगदी परकी सुंदर बाई नजर ओढते, पण क्षणभर. पूर्ण ओळखीची दिसली की माणूस ओशाळतो आणि स्क्रीन बंद करतो. मधली जी असते, कुठंतरी बघितलीय पण नक्की कोण ते आठवत नाही अशी, तिच्यावर नजर सगळ्यात जास्त वेळ ठरते. म्हणून यंत्रानं तिचा रंग उजळला, नाक बदललं, एक तीळ लावून दिला. शिवाय कायद्यात चेहरा किती जुळला म्हणजे तो तुमचा, याचं एक माप ठरलेलं आहे, आणि यंत्र त्या मापाच्या नेमकं खाली थांबतं. भगवानला ती पंपावरचीच वाटत होती, पण कोर्टात ती कुणीच नव्हती.

एकच मार्ग होता. वगळणी मागायची. वगळणी मिळाली की तो चेहरा आणि त्याच्यासारखे दिसणारे चेहरे यंत्राला वापरता येत नाहीत. मात्र कुठला चेहरा टाळायचा ते यंत्राला आधी नीट ओळखता आलं पाहिजे, म्हणून चेहऱ्याची नोंद द्यावी लागते. सगळ्या भावांसकट.

नोंद देण्याची खोली त्याच इमारतीत खाली होती. एक खुर्ची, भोवती कॅमेऱ्यांचं कडं, आणि कुठून तरी येणारा बाईचा गोड, शुद्ध आवाज. कृपया हसा. कृपया रागवा. कृपया घाबरा. शिवकन्यानं सगळं केलं. घाबरायला तिला काही वेगळं करावं लागलं नाही. मग आवाज म्हणाला, "कृपया लाजा."

ती तशीच बसून राहिली.

"नोंद स्वीकारता आली नाही. कृपया पुन्हा लाजा."

तिनं मान खाली घातली, पदर ओढल्यासारखं केलं, पण यंत्राला नाटक कळत होतं. तोच गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत राहिला, न कंटाळता. शेवटी शिवकन्यानं डोळे मिटले. लग्न झाल्यावर पहिल्यांदाच माणिक तिला टेम्पोतून येलदरीच्या धरणावर घेऊन गेला होता. कागदात गरम भजी होती. भज्यांकडं बघतच तो म्हणाला होता, तू माझी बायको आहेस हे मला अजून खरं वाटंना. तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या होत्या तशा त्या खुर्चीत बसल्या बसल्या तापल्या.

"धन्यवाद," आवाज म्हणाला. बाहेर आल्यावर तिला स्वतःची भयंकर चीड आली. ते नंदालाही सांगावंसं वाटलं नाही.

पण उपाय लागू पडला. पाच-सहा दिवसांत जाहिरातीतली बाई गायब झाली. बाकड्यांवरची माणसं मोबाईलमध्ये बघायची, पण शिवकन्याकडं मान वर करेनाशी झाली. तिनं स्कार्फ घडी करून कपाटात ठेवला. भर दुपारी, सगळ्यांसमोर, बाटली तोंडाला लावून पोटभर पाणी प्यायली. माणिकही निवळला. एका रात्री जेवताना तो आपण होऊन म्हणाला, "माझं चुकलं तसं," आणि शिवकन्यानं त्याच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं.

आता नंदा गप्प गप्प राहायला लागली होती. कामाचा ताण असेल, असं शिवकन्याला वाटलं. मग एक दिवस नंदा दुपारीच घरी आली. बाहीची शिवण उसवलेली, कोपर खरचटलेलं, बीपीच्या मशिनची पिशवी बरोबर नाही. स्कूटर घसरली म्हणाली. शिवकन्यानं हळद लावली आणि विश्वास ठेवला. विश्वास ठेवायची तिला त्या दिवसांत फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी पंपावर एक तरुण पोरगा बाकड्यावर बसला होता. वायर काढायला शिवकन्या त्याच्या मागून गेली आणि तिची नजर त्याच्या मोबाईलवर पडली. दारात बाई उभी होती. निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्याला पिशवी. "तपासायला आलेय," बाई म्हणाली. "घरात एकटाच आहेस ना? दार उघड."

नाक जरा वेगळं होतं, आणि गालाला एक जास्तीची खळी होती. पण ती नंदा होती.

शिवकन्यानं वायर तशीच टाकली, मॅनेजरला न विचारता घरी आली. नंदा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"स्कूटर घसरली नव्हती," शिवकन्या म्हणाली.

नंदा उठून बसली. सांगताना ती रडली नाही, एखाद्या पेशंटची माहिती द्यावी तसं सरळ सांगत गेली. तांड्याच्या अलीकडं एक घर आहे. तिथल्या बाईला सातवा महिना. नंदानं दार वाजवलं, तर बाई माहेरी गेलेली, नवरा एकटाच. तिनं विचारपूस करेपर्यंत त्यानं आतून कडी घातली. "मी ओरडले तर म्हणाला, आता कशाला ओरडतीस. रोज तर म्हणतीस दार उघड म्हणून." मशिनची पिशवी त्याच्या तोंडावर मारून ती मागच्या दारानं पळाली. "अक्का, तो खोटं बोलत नव्हता गं. त्याला खरंच वाटत होतं, मीच बोलावलंय."

शिवकन्या तिला जवळ घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. आपल्या अंगावरचा विंचू आपण झटकला आणि तो पोरीच्या अंगावर पडला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

सय्यद मॅडमनी त्या माणसावर गुन्हा दाखल केला, त्याला धरून आणलं. पण रस्त्यावर मोबाईल हजारो होते. "माझ्या हे आधी लक्षात यायला पाहिजे होतं," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमच्या चेहऱ्याभोवती आपण कुंपण घातलं. यंत्र कुंपणाला चिकटून, बाहेरच्या बाजूला सगळ्यात जवळचं जे मिळेल ते घेतं. तुमच्या सगळ्यात जवळची तुमची बहीण."

"तिचीही वगळणी करू."

"करता येईल. मग तुमच्या एखाद्या मावसबहिणीवर जाईल, भाचीवर जाईल. नाहीतर गावातल्या दुसऱ्या कुणावर. त्याला कुणीतरी ओळखीची लागतेच, शिवकन्याताई."

नंदा शेजारीच होती. तिनं मान हलवली. "मला नको वगळणी. माझं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालून मी कुठल्या तोंडानं दारं वाजवू? आणि काम काही मी सोडणार नाही. त्या तांड्यावर दोघींचे दिवस भरलेत."

सांगून ऐकणारी ती पोर नव्हती. शिवकन्या उठून अंगणात गेली, आणि फोन पुन्हा लावला.

"आणि मी माझी वगळणी मागं घेतली तर?"

"तर ते तुमच्याकडं परत येईल," सय्यद मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात जास्त नजर तुमच्यावरच ठरली होती. पण एक गोष्ट नीट ऐका. वगळणी मागं घेतली की तुम्ही दिलेली नोंद वापरायला तुमची संमती आहे, असं धरतात. मग तो तुमच्यासारखा चेहरा राहणार नाही. तुमचाच असेल. तुमचं हसणं, तुमचं लाजणं, सगळं. तुम्ही ते करावं असं मी म्हणणार नाही."

संध्याकाळी तिनं माणिकला सांगितलं. त्याच्यापासून लपवून करणं तिला पटेना. माणिक म्हणाला, "नाही."

"पोरीला दाराआड कोंडलं होतं, अहो."

"मला काय वाईट वाटत नाही का? तिला म्हणावं महिनाभर घरी बस. निवेल आपोआप."

"तिच्याकडून निवलं तर दुसरीकडं जाईल. आणि ती बसणारी आहे का?"

"मग सगळ्या गावाच्या मोबाईलवर माझी बायको नाचू दे, असंच ना?" माणिकचा आवाज चढला. "बहिणीपायी माझी अब्रू घालवतीस?"

"तुमची अब्रू माझ्या तोंडावर कधीपासून राहायला आली?" शिवकन्या म्हणाली. "तोंड माझं आहे. शेडमध्ये उभी मी राहते. पंपावर चार माणसं असतात, मॅनेजर असतो, रस्ता वाहता असतो. मला कुणी कडी घालून कोंडू शकत नाही. तिला कोंडतात. म्हणून माझंच असू दे."

माणिकनं तिच्याकडं बघितलं. "हे केलंस तर मी या घरात राहणार नाही."

"बरं," ती म्हणाली. तिला रडू फुटत होतं, पण शब्द मागं घ्यावासा वाटला नाही.

ती एकटीच परभणीला गेली. तीच खुर्ची, तेच कॅमेऱ्यांचं कडं. आवाजानं विचारलं, आपण हा निर्णय कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीनं घेत आहात का? शिवकन्याला हसू आलं. यंत्रानं तेही टिपलं असणार.

"होय," ती म्हणाली.

माणिक सेलूला भावाकडं निघून गेला. नंदाला तिनं सांगितलं, तिकडं हंगामाचं काम निघालंय. काही दिवसांनी त्याचा एकच फोन आला. शिवकन्यानं उचलला तर पलीकडून आधी नुसता रस्त्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ते येलदरीचं होतं." तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यानं फोन ठेवून दिला.

जाहिरात आता आधीपेक्षा जास्त चालत होती. दारात बाई उभी राहायची, वळायची, आणि खरोखरच लाजायची. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. असं लाजणं कुणाला बनवता येत नाही, म्हणून लांबलांबची माणसं चार्जिंगचं निमित्त काढून फाट्यावर यायला लागली. तीळ नव्हता, नाक बदललेलं नव्हतं, ओळखायची अडचणच राहिली नव्हती. आणि आत अजून तीच वांगी होती. उखळे मास्तर दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. शिवकन्यानं स्कार्फ काही बांधला नाही. काय झाकायचं राहिलं होतं?

एका दुपारी शेड भरलेलं असताना नंदाचा फोन आला. मागं कुठंतरी तान्हं मूल रडत होतं.

"अक्का, तांड्यावरून बोलायलेय. पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आणि ऐक ना, सकाळपासून सात घरं केली. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही माझ्याकडं. त्या पानटपरीवरचे टवाळ, तेसुद्धा ताई ताई करत बाजूला झाले." नंदाचा आवाज इतक्या दिवसांनी पहिल्यासारखा होता. "ते आपोआप बंद पडलं वाटतं गं. सुटलो बघ आपण."

आज ना उद्या तिला कळणारच होतं. कुणीतरी मोबाईल पुढं करेल, नाहीतर सय्यद मॅडमच बोलून जातील. पण तो दिवस आजचा नव्हता.

"हो बाई," शिवकन्या म्हणाली. "सुटलो. तू जेवलीस का?"

"जेवते आता. यांनी भाकरी टाकलीय माझ्यासाठी."

नंदानं फोन ठेवला तरी शिवकन्यानं तो थोडा वेळ कानाशी तसाच धरून ठेवला. शेडमधली माणसं मोबाईल मांडीवर ठेवून, माना वर करून, तिचं बोलणं संपायची वाट बघत होती.